परीक्षेतील मोठी चूक आणि उरलेला वेळ

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला :

- परीक्षेत घडणाऱ्या चुकांचे प्रकार सांगता येतील.
- प्रश्न चुकीचा वाचला जाण्यामागील भाषिक कारणे स्पष्ट करता येतील.
- चूक लक्षात आल्यावर उरलेल्या वेळेची फेरआखणी करता येईल.
- निकालानंतर उपलब्ध असलेल्या मार्गांचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेची तयारी कशी करावी, उत्तरे कशी लिहावीत, हस्ताक्षर कसे असावे याविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल. परंतु परीक्षा चालू असतानाच हातून एखादी मोठी चूक झाली तर काय करावे, याविषयी अभ्यासपुस्तिकांत सहसा काही लिहिलेले नसते. नीट अभ्यास करणाऱ्याच्या हातून अशी चूक होणारच नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक खरे नाही. चुका अभ्यास न केलेल्यांकडून होतात तशाच उत्तम अभ्यास केलेल्यांकडूनही होतात, आणि चुकांचे काही प्रकार तर तयारी चांगली असल्यामुळेच घडतात.

तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. परीक्षेच्या एका दिवसासाठी तुम्ही रजा काढलेली असते, घरातील कामे कुणावर तरी सोपवलेली असतात, कित्येकांनी पहाटेची एस.टी. गाठलेली असते. त्यामुळे एका चुकीची किंमत तुम्हाला नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्यापेक्षा अधिक मोजावी लागते. म्हणूनच या विषयाचा थोडा शिस्तीने विचार करणे आवश्यक आहे. विवेचनाचा आरंभ मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

२. एक अनुभव

१९९४ साली मी एम.ए.च्या परीक्षेत भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका सोडवत होते. वेळ तीन तास, प्रश्न पाच, प्रत्येक प्रश्नास २० गुण. 'ध्वनिपरिवर्तन' या घटकाची माझी तयारी उत्तम झाली होती. प्रश्नपत्रिका हाती येताच पहिला प्रश्न पाहून मला आनंद झाला आणि मी तत्काळ लिहू लागले. ध्वनिपरिवर्तनाची कारणे, त्याचे प्रकार, संस्कृत–प्राकृत–मराठी अशी उदाहरणे, सहा पाने भरली. त्यात ४५ मिनिटे गेली. पुढील दोन प्रश्न लिहून झाले आणि चौथ्या प्रश्नाचा क्रमांक पाहण्यासाठी प्रश्नपत्रिका उचलली, तेव्हा नजर सहज पहिल्या प्रश्नावर गेली. तेथे 'अर्थपरिवर्तनाची कारणे सोदाहरण स्पष्ट करा' असे छापलेले होते.

त्या वेळी ७० मिनिटे शिल्लक होती. मी पुढे काय केले, ते सांगते. पहिली सुमारे १२ मिनिटे मी काहीही लिहू शकले नाही. तो एकच शब्द पुनःपुन्हा वाचत राहिले. त्यानंतर सहाही पानांवर रेघा मारल्या आणि पहिला प्रश्न नव्याने लिहिण्यास घेतला. नुकसान भरून काढण्याच्या ईर्ष्येने मी त्यावर ३८ मिनिटे घालवली. उरलेल्या २० मिनिटांत मराठीच्या बोलींवरील चौथा प्रश्न अर्धवट लिहिला. हा माझा सर्वांत आवडता विषय होता. पाचव्या प्रश्नातील टिपांना मी हातच लावला नाही.

निकालात माझी एकूण टक्केवारी ५५ च्या थोडी खाली राहिली. अधिव्याख्याता पदासाठी पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुणांची अट होती. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात निघालेल्या जागेसाठी मला अर्ज करता आला नाही. मी श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षेस बसले, तोवर ती जागा भरली गेली होती.

त्या संध्याकाळी वडिलांना सारा प्रकार सांगितला. ते प्राथमिक शिक्षक होते. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी एवढेच विचारले, "चूक कळल्यावर किती वेळ उरला होता? त्या वेळाचं काय केलंस?" त्या वेळी तो प्रश्न मला बोचला. चुकीचे वाचले गेले याचेच दुःख मी करीत होते. नंतरच्या ७० मिनिटांचा मी विचारच केला नव्हता. आज शिक्षक आणि परीक्षक म्हणून त्या उत्तरपत्रिकेकडे पाहताना मला दोन वेगळ्या चुका दिसतात. पहिली चूक वाचण्याची आणि दुसरी वेळेची. दोन्हींची कारणे निराळी आहेत, म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करू.

३. चूक कशी घडते?

३.१ चुकांचे प्रकार

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी चुकांवरील ग्रंथात चुकांचे जे वर्गीकरण केले आहे, ते परीक्षेलाही लागू पडते. त्याच्या आधारे परीक्षेतील चुका तीन गटांत मांडता येतात.

(अ) अनवधानाची चूक : हेतू योग्य, कृती मात्र भलतीच. 'अर्थ' ऐवजी 'ध्वनि' वाचणे, प्रश्नक्रमांक चुकीचा घालणे.

(आ) विस्मरणाची चूक : करावयाची गोष्ट राहून जाणे. पाठीमागील पान न उलटल्यामुळे प्रश्न सुटणे, पुरवणी न बांधणे.

(इ) समजुतीची चूक : कृती हेतूप्रमाणे होते, पण हेतूच चुकलेला असतो. 'किंवा' असताना दोन्ही पर्याय लिहिणे, 'तुलना करा' म्हटले असता दोन स्वतंत्र परिचय लिहिणे.

तिसऱ्या प्रकारच्या चुका अभ्यासाने व सरावाने कमी होतात. पहिल्या दोन प्रकारच्या चुका केवळ अधिक अभ्यास केल्याने कमी होत नाहीत; त्यांसाठी तपासणीची सवय लावावी लागते.

३.२ वाचनातील चूक

भाषेतील चुकांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. रुडॉल्फ मेरिंगर या भाषाशास्त्रज्ञाने कार्ल मायर या मनोविकारतज्ज्ञाच्या सहकार्याने १८९५ मध्ये बोलण्यातील व वाचण्यातील चुकांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे १९७१ मध्ये व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी जीभ घसरून होणाऱ्या चुकांचा अभ्यास करून दाखवून दिले, की या चुका वाटेल तशा होत नाहीत. भाषेच्या नियमांच्या चौकटीतच त्या होतात. म्हणजेच चुकीलाही व्यवस्था असते, आणि व्यवस्था असेल तेथे आधीच सावध राहता येते.

वाचताना आपली दृष्टी ओळीवरून सलग सरकत नाही. ती एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद स्थिरावते आणि पुढे उडी घेते. मधला भाग आपण संदर्भ व अपेक्षा यांच्या आधारे भरून काढतो. लहान आणि परिचित शब्दांवर दृष्टी पुष्कळदा थांबतही नाही. नेहमीच्या वाचनात ही मोठी सोय आहे. परंतु परीक्षेत अपेक्षाच प्रबळ असते. ज्या घटकाची तयारी झालेली असते, तो घटक प्रश्नपत्रिकेत शोधण्यासाठी डोळे आतुर असतात. 'ध्वनिपरिवर्तन' आणि 'अर्थपरिवर्तन' या सामासिक शब्दांचा उत्तरार्ध एकच, पुढे 'ची कारणे' हेही एकच. मला जे हवे होते, ते मी पूर्वार्धाच्या जागी वाचले.

३.३ मराठी प्रश्नवाक्याची रचना

येथे मराठीच्या वाक्यरचनेचा एक विशेष लक्षात घ्यावा. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. प्रश्नपत्रिकेतील आज्ञा क्रियापदात असते, म्हणून तीही शेवटी येते. पुढील प्रश्न पाहा :

(१) प्रमाणभाषा आणि बोली यांच्या स्वरूपाची तुलना करा.
(२) प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
(३) प्रमाणभाषा आणि बोली यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ भेद करणे योग्य आहे काय, याची चर्चा करा.

तिन्ही वाक्यांचा आरंभ जवळजवळ सारखा आहे. उत्तरे मात्र वेगवेगळी अपेक्षित आहेत. पहिल्यात साम्य व भेद हवेत, दुसऱ्यात देवाणघेवाण दाखवायला हवी, तिसऱ्यात भूमिका घेऊन तिचे समर्थन करायला हवे. 'प्रमाणभाषा आणि बोली' एवढे वाचूनच ज्याच्या मनात उत्तर सुरू होते, त्याच्यापर्यंत आज्ञा पोहोचतच नाही. नकाराचेही तसेच आहे. 'पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' या वाक्यात सर्व अर्थ बदलून टाकणारा शब्द अगदी अखेरीस आहे.

यावरून एक साधी सवय लावून घ्यावी. प्रश्न प्रथम पूर्ण वाचावा. मग शेवटाकडून मागे येत तीन गोष्टी मनाशी निश्चित कराव्यात : क्रियापद कोणते, विषयाचा नेमका शब्द कोणता, आणि 'किंवा', 'कोणतेही दोन', 'नाही', 'फक्त' यांसारखे छोटे शब्द आहेत काय. प्रत्येक प्रश्नास अर्धे मिनिट पुरते. पाच प्रश्नांची मिळून अडीच मिनिटे होतात. मी गमावलेल्या ४५ मिनिटांच्या तुलनेत ती फारच थोडी आहेत.

४. दुसरी चूक

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे वळू. चूक लक्षात आल्यावर मला काहीच सुचेनासे झाले, याचे कारण मनाच्या दुबळेपणात शोधण्याची गरज नाही. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये 'कार्यस्मृती'ची संकल्पना मांडली. हाती असलेल्या कामासाठी आवश्यक मजकूर थोडा वेळ धरून ठेवणारी ही यंत्रणा आहे आणि तिची क्षमता अतिशय मर्यादित असते. उत्तर लिहिताना वाक्याचा आरंभ, पुढचा मुद्दा, योजलेले उदाहरण हे सारे तीच सांभाळते. चिंता ही बहुधा मनातल्या मनात चालणाऱ्या बोलण्याच्या रूपात असते. 'आता नापास होणार', 'घरी काय सांगू' अशी वाक्ये मनात चालू असली, म्हणजे उत्तराच्या वाक्यांना जागा उरत नाही. अभ्यास विसरलेला नसतो. तो वापरण्याची जागा तेवढी अडलेली असते.

म्हणून 'घाबरू नका' या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. मनातील बोलण्याची जागा दुसऱ्या ठोस कामाने भरणे हा अधिक उपयोगी मार्ग आहे. पेन खाली ठेवावे, दोन-तीन वेळा सावकाश श्वास सोडावा, पाणी प्यावे आणि लगेच कच्च्या कामाच्या जागेवर तीन आकडे लिहावेत : उरलेली मिनिटे, उरलेले प्रश्न, उरलेले गुण. माझ्या बाबतीत ते आकडे ७०, ३ आणि ६० असे झाले असते. चाळीस गुणांचे दोन प्रश्न लिहून झाले होते. साठ गुण अजून हाताशी होते. ही गोष्ट त्या १२ मिनिटांत माझ्या ध्यानातच आली नाही.

५. दुरुस्ती : आपली जुनी लेखनरीत

संभाषणाच्या अभ्यासात 'दुरुस्ती' ही एक महत्त्वाची संज्ञा आहे. शेग्लॉफ, जेफरसन व सॅक्स यांनी १९७७ मधील लेखात दाखवले, की बोलणारा आपली चूक शक्यतो स्वतःच आणि लगेच दुरुस्त करतो. आपणही 'बुधवारी, नाही, गुरुवारी या' असे सहज म्हणतो आणि पुढे बोलू लागतो. चुकीबद्दल खेद करीत संभाषण कुणी थांबवत नाही.

हस्तलिखित पोथ्यांच्या काळातही दुरुस्तीची अशीच शिस्त होती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षराच्या नेटकेपणाचा एवढा आग्रह असलेल्या परंपरेतही लेखनिकांच्या हातून चुका होत असत. अशा वेळी चुकलेल्या अक्षरांवर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देत आणि वर योग्य अक्षर लिहीत. सुटलेला मजकूर काकपदाची खूण करून समासात लिहीत. एका अक्षरासाठी पान फाडून टाकले जात नसे. नकला करताना ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे तुम्ही वाङ्मयेतिहासात वाचले आहेच.

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार या रीतीतूनच आला आहे. आज त्याचा अर्थ एखादी गोष्ट व्यर्थ ठरवणे, नियम वा तत्त्व धाब्यावर बसवणे असा होतो. मूळ कृती मात्र चूक झाकून योग्य ते लिहिण्याची होती. अर्थपरिवर्तनाचे हे चांगले उदाहरण आहे. त्या दिवशीच्या प्रश्नाला ते मला वापरता आले असते.

६. परीक्षा दालनात काय करावे?

६.१ चुकीचे उत्तर लिहिले गेल्यास

मूळ मजकूर लगेच खोडत बसू नये. प्रथम तो पुन्हा वाचून त्यातील काही भाग विचारलेल्या प्रश्नाला लागू पडतो काय, हे पाहावे. तसे असल्यास तो भाग ठेवून पुरवणी मजकूर जोडता येतो. काहीच लागू पडत नसेल तर योग्य उत्तर नव्या पानावर, तोच प्रश्नक्रमांक स्पष्ट घालून लिहावे आणि ते होताच जुन्या उत्तरावर प्रत्येक पानाला एकच तिरपी रेघ मारावी. ही रेघ मारण्यास विसरू नये. अन्यथा एकाच क्रमांकाची दोन उत्तरे पाहून परीक्षकाचा गोंधळ होतो. पान फाडू नये. परीक्षकास उद्देशून विनंती, क्षमायाचना किंवा स्वतःची ओळख पटेल असा मजकूर लिहू नये; तो गैरप्रकार ठरू शकतो.

६.२ वेळेची फेरआखणी

माझ्यापाशी ७० मिनिटे आणि तीन प्रश्न होते. चार मिनिटे शांत होण्यास व आखणीस दिली असती, तरी प्रत्येक प्रश्नास २२ मिनिटे उरत होती. मी एका प्रश्नास ३८ मिनिटे दिली आणि उरलेल्या दोहोंस मिळून २०. अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर मला एक गोष्ट खात्रीने सांगता येते. उत्तराच्या पहिल्या दीड-दोन पानांत व्याख्या, मुख्य मुद्दे व उदाहरणे आली, तर बहुतांश गुण तेथेच मिळतात; पाचव्या-सहाव्या पानाने त्यांत थोडीच भर पडते. म्हणून वेळ कमी असताना एक उत्तर परिपूर्ण करण्याऐवजी सर्व उत्तरे आटोपशीर लिहावीत. आरंभ सर्वांत चांगल्या येणाऱ्या प्रश्नाने करावा, म्हणजे हात चालू लागतो आणि मन स्थिर होते.

६.३ इतर चुका

बैठक क्रमांक चुकला, भलतीच प्रश्नपत्रिका हाती आली किंवा पुरवणी बांधायची राहिली, तर तत्काळ पर्यवेक्षकांना सांगावे. संकोचाने गप्प राहिल्यास दालनात सहज सुटणारी बाब पुढे अर्ज-विनंत्यांवर जाते. आमच्या अभ्यासकेंद्रातील एका अंगणवाडी सेविकेने 'किंवा' असलेले दोन्ही पर्याय लिहिले होते आणि वेळ अपुरा पडल्याने शेवटचा प्रश्न राहिला होता. पुढील सत्रात त्या प्रत्येक प्रश्नाच्या 'किंवा'भोवती प्रथम वर्तुळ करीत आणि मगच लिहायला घेत. त्या विषयात त्या उत्तीर्ण झाल्या.

७. परीक्षेनंतर

घरी गेल्यावर झालेल्या पेपरचे गुण मोजत बसू नये, विशेषतः दुसऱ्या दिवशी पुढचा पेपर असल्यास. चुकीची नोंद एका ओळीत करावी : 'काय चुकले, केव्हा कळले, पुढील वेळी काय करीन.' ही वही निकालापर्यंत बंद ठेवावी.

निकालानंतर विद्यापीठाच्या नियमांनुसार गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. मुदत अल्प असते, म्हणून सूचना वेळीच पाहाव्यात. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकार कायद्याखाली 'माहिती' ठरते आणि परीक्षार्थीस ती पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी दिला आहे. मात्र आपण प्रश्नच चुकीचा वाचला असेल, तर पुनर्मूल्यांकनाने गुण वाढण्याची अपेक्षा ठेवू नये. अशा वेळी पुनर्परीक्षेची तयारी हाच प्रामाणिक मार्ग आहे. त्यात अप्रतिष्ठा नाही. मीही त्याच मार्गाने आले आहे.

वर्ष गेले याचे दुःख खरे असते. ते लपवू नये. घरात ज्यांनी तुमच्यासाठी कामे वाटून घेतली, त्यांना झालेला प्रकार मोकळेपणाने सांगावा. निराशा टिकून राहिली, झोप लागेनाशी झाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर एकटे राहू नये. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

८. समारोप

प्रश्नातील आज्ञा शेवटापर्यंत वाचण्याची सवय लावली, तर वाचनातील चुका पुष्कळ कमी होतील. परंतु त्या पूर्णतः थांबतील असे आश्वासन मी देऊ शकत नाही. चूक झालीच, तर तिने घेतलेला वेळ परत मिळत नाही. मात्र त्यानंतरचा वेळ तुमच्याच हाती असतो. तो सर्व प्रश्नांना वाटून दिला, तर नुकसान एका प्रश्नापुरते राहते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. तुमच्यावर तशी वेळ आलीच, तर तुम्हाला ते देता यावे, एवढ्यासाठी हा घटक लिहिला आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. अनवधानाची चूक व समजुतीची चूक यांतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. मराठी वाक्यातील क्रियापदाच्या स्थानाचा प्रश्न वाचण्यावर कोणता परिणाम होतो?
३. तीन तासांच्या, ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत ५० मिनिटे शिल्लक असताना १६ गुणांचा एक प्रश्न चुकीचा लिहिल्याचे लक्षात आले. आणखी १६ गुणांचा एक प्रश्न लिहावयाचा आहे. उरलेल्या वेळेची आखणी करा व तिची कारणे द्या.
४. मागील सत्राची एक प्रश्नपत्रिका घ्या. प्रत्येक प्रश्नातील क्रियापद, विषयाचा नेमका शब्द आणि 'किंवा', 'नाही' यांसारखे शब्द अधोरेखित करा.